एकतीस मार्चचे नापास

श्रीलता गाजुलला परीक्षेत अठ्ठ्याऐंशी मार्क पडले आणि पिंगळ्याने तिला बावीस दिले.

पिंगळा हे पोरांनी ठेवलेलं नाव. विद्यापीठाच्या कागदावर त्या यंत्राचं नाव 'यशवेध' असं होतं. पण न बोलावता दारात यायचं, न विचारता भविष्य सांगायचं आणि काहीतरी घेतल्याशिवाय हलायचं नाही, हे सगळं पिंगळ्याचंच. फक्त हा नवा पिंगळा कुडमुडं वाजवत नव्हता आणि धान्याऐवजी पोरांची जागा घेऊन जात होता.

विमागणिताच्या वर्गात पहिली दोन वर्षं सगळ्यांना मोकळी असत. तिसऱ्या वर्षी 'सर्व्हायव्हल' नावाचा पेपर येई. माणसं किती काळ टिकतात, कधी गळतात, त्याचा अंदाज कसा बांधायचा, हे त्यात शिकायचं. तो सुटल्याशिवाय कुणी अ‍ॅक्चुअरी, म्हणजे विमा कंपनीचा गणिती, होत नाही, आणि पूर्वी त्यात दहातली सहा पोरं आपटत. सरकार विद्यापीठाला निकालाच्या टक्क्यावर अनुदान देऊ लागलं तसं हे आपटणं परवडेना. मग पिंगळा आला. पस्तीसच्या खाली अंक असलेल्याला त्या पेपरला बसताच येत नसे. तीन वर्षांत निकाल शहाण्णव टक्क्यांवर गेला. पेपरात फोटो आले.

"बावीस म्हणजे क्रिकेटच्या दोन टीम झाल्या की," शेजारचा फैजान म्हणाला. त्याला एक्क्याण्णव होते.

श्रीलता हसली नाही. पडद्यावर अंकाखाली तीन कारणं बारीक अक्षरात दिली होती. तिसरं कारण, संध्याकाळची बॅच. दुसरं, दोनदा बदललेला पत्ता. आणि सगळ्यात वर, सगळ्यात वजनदार: सख्खं भावंड याच अभ्यासक्रमात अनुत्तीर्ण.

ती तशीच उठून डॉ. वृंदा करजगींच्या खोलीत गेली. करजगीबाईंनीच तिला विमागणिताची गोडी लावली होती, स्वतःची पुस्तकं दिली होती, एकदा ताप असताना डबाही पाठवला होता. आणि पिंगळाही त्यांनीच घडवला होता.

बाईंनी तिला समोर बसवून समजावलं. यंत्राला गेल्या अठरा वर्षांतले चाळीस हजार विद्यार्थी दाखवले आहेत. कोण कुठून आलं, कुठल्या बॅचला होतं, घरात कोण शिकलेलं, आधीचे मार्क किती, आणि शेवटी पास की नापास. त्यातून यंत्र शिकलं की कुठल्या प्रकारचं पोर कुठे पडतं. तुझे मार्क चांगले आहेत, ते त्याने धरलेही आहेत. ते नसते तर तुला नऊ मिळाले असते.

"यंत्राला तुझा राग नाही, श्रीलता," बाई म्हणाल्या.

"मग माझा राग तरी कुणावर काढू, बाई?"

 हरकत घ्यायला पंधरा दिवस आहेत आणि त्यासाठी यंत्राची मूळ माहिती पाहता येते, एवढं बाईंनी सांगितलं. नावं झाकलेली असतील, बाकी सगळं दिसेल. आजवर कुणी पाहायला आलेलं नाही, हेही सांगितलं.

घरी तिची अक्का, पद्मजा, टॉवेलच्या गठ्ठ्यापुढे बसली होती. कारखान्यातून कडा न शिवलेले टॉवेल यायचे, ती शिवून द्यायची. सहा वर्षांपूर्वी हीच पद्मजा विमागणिताच्या वर्गात पहिली होती. मग आई आजारी पडली. दवाखान्याजवळ म्हणून दोनदा घर बदललं. अक्काने दिवसा आईचं केलं, संध्याकाळी वर्ग केला, तिसऱ्या वर्षाच्या चारपैकी दोन पेपर दिले, आणि तिसऱ्या पेपरच्या सकाळी आई गेली. पुढच्या एप्रिलमध्ये गुणपत्रिका आली. तीवर एकच शब्द होता: अनुत्तीर्ण. अक्काने ती घडी घालून ठेवली आणि शिलाईचं मशीन उघडलं. पुढे एक स्थळ आलं. त्यांनी चौकशी केली आणि शिकलेली सांगितली ती नापास निघाली म्हणून परत गेलं. गल्लीत कुणी विचारलं तर अक्का स्वतःच सांगायची, मी नापास आहे. कुणी टोचायच्या आत आपणच टोचून घ्यायची सवय तिला लागली होती.

आजही तिने विचारलं, किती आले? श्रीलताने बावीस सांगितले, पण कारण सांगितलं नाही. सांगायला जीभच वळली नाही. अक्काला मात्र ते न सांगता कळलं. ती मशीनकडे वळली आणि म्हणाली, "माझ्यामुळे असेल."

दुसऱ्या दिवसापासून श्रीलता विद्यापीठाच्या संगणक-खोलीत बसू लागली. चाळीस हजार ओळी. प्रत्येक ओळ म्हणजे एक पोर. दोन दिवस तिला काहीच दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने वर्गात शिकलेलं तेच केलं.

मृत्युसारणी, म्हणजे कुठल्या वयात किती माणसं मरतात त्याचा तक्ता, करताना पहिला धडा असतो तो सोडून गेलेल्या माणसांचा. समजा, एका गल्लीतल्या शंभर माणसांवर वर्षभर लक्ष ठेवायचं आहे, त्यातले किती मरतात ते पाहायला. वर्षाच्या मधे दहा माणसं घर सोडून हैदराबादला गेली. त्यांचं पुढे काय झालं, आपल्याला ठाऊक नाही. त्यांना मेलेलं धरलं तर ती गल्ली स्मशान वाटेल. जगलेलं धरलं तर स्वर्ग वाटेल. म्हणून ती जेवढे महिने आपल्या डोळ्यांसमोर होती, तेवढेच महिने हिशेबात घ्यायचे आणि पुढे गप्प बसायचं. माहीत नाही ते माहीत नाही म्हणायचं. सगळं विमागणित या एका प्रामाणिकपणावर उभं आहे. करजगीबाई पहिल्या वर्षी हे शिकवताना टेबलावर हात आपटत.

तर श्रीलताने यंत्राच्या माहितीत हैदराबादला गेलेली माणसं शोधली. अर्ध्यातून अभ्यास सोडलेली पोरं. लग्न झालेली, नोकरी लागलेली, आजारी पडलेली, घरचं कुणी गेलेली.

एकही नव्हतं.

अठरा वर्षं, चाळीस हजार पोरं, आणि कुणीही मधेच सोडून गेलं नाही. सगळी एक तर पास, नाही तर नापास. असं गाव कुठे असतं, जिथून कधी कुणी बाहेर जातच नाही, जगतात तरी नाही तर मरतात तरी?

मग तिने नापासांच्या नोंदीची तारीख पाहिली. खऱ्या नापासांच्या तारखा जूनमधल्या होत्या, निकालाच्या. पण अकराशे चाळीस नापास असे होते, की त्यांच्या तारखा मागे-पुढे नव्हत्या. मागची परीक्षा कुठलीही असो, पुढचं वर्ष संपताना, एकतीस मार्चला, सगळे एका दिवसात नापास झाले होते. त्यातली बहुतेक संध्याकाळच्या बॅचची, पत्ता बदललेली, यंत्रमागाच्या आणि विडीच्या घरांतली. पिंगळा त्यांच्याकडूनच शिकला होता की असली पोरं पडतात. पडतात म्हणून त्यांना बसू देत नव्हता. बसू न दिलेली पोरं कंटाळून निघून जात होती. त्यांनाही पुढच्या एकतीस मार्चला नापास धरलं जात होतं, आणि पिंगळ्याची खात्री आणखी वाढत होती.

विद्यार्थ्यांची नावं झाकलेली होती. नोंद करणाऱ्याची आद्याक्षरं झाकायचं मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. शेवटची दोन वर्षं सोडली तर सगळीकडे एकच आद्याक्षरं होती. अं. गा.

अंबादास गाजुल. तिचे वडील.

गाजुलांच्या घरात मागापासून उठून टेबलाशी बसलेला पहिला माणूस म्हणजे अंबादास. सव्वीस वर्षं परीक्षा विभागात कारकून. ऑफिसात सगळं संगणकावर गेलं तरी त्यांनी जाड रजिस्टर सोडलं नाही. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले तेव्हा साहेब म्हणाले होते, गाजुलांच्या कामावर बोट ठेवायला जागा नाही. हे वाक्य ते आठवड्यातून एकदा तरी घरी सांगत.

श्रीलता भर दुपारी घरी आली. वडील, म्हणजे नाना, जेवून पान लावत होते. तिने उभ्यानेच विचारलं, एकतीस मार्चला तुम्ही काय करायचा?

त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. त्यांनी रीतसर सांगितलं. परीक्षेला न आलेल्या पोरांपुढे 'गैरहजर' असायचं. पण गैरहजर शिल्लक असेल तर संगणक वर्ष बंद करू देत नसे. प्रत्येकामागे सहीचा खुलासा लागे. तीन स्मरणपत्रं धाडायची. सहीचा कागद आला नाही तर एकतीस मार्चला त्याच्यापुढे 'अनु.' टाकायचं, वर्ष लाल बासनात बांधायचं आणि मांडणीवर ठेवायचं. त्यांच्या आधीचे करत, म्हणून त्यांनी केलं. त्यांच्या नंतरचेही करतात.

"म्हणजे न आलेल्याला नापास करायचा."

"बंद करायचो गं. नापास कोण करतंय?"

"अक्काला?"

नानांचा हात चुन्याच्या डबीवर थांबला. शिलाईचं मशीनही थांबलं.

 मग नाना खाली बघत सांगू लागले. साहेब स्वतः म्हणाले होते, गाजुल, पोरीचं नाव तेवढं उघडं ठेवा, आपण बघू. त्यांनीच नको म्हटलं होतं. आख्ख्या विभागाने म्हटलं असतं की दुसऱ्यांची पोरं बांधली आणि स्वतःची मोकळी सोडली. जो नियम लोकांना, तोच घरात.

"आणि मला सांगितलं नाहीत," पद्मजा मशीनवरूनच म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "त्या दोन पेपरांत मी काय लिहिलंय ते मला माहीत होतं. तरी मी सहा वर्षं विचार करत बसले, की नेमकं कुठे चुकलं. एकेक गणित रात्रंदिवस मनात सोडवत बसले."

"मला वाटलं तुला ठाऊक असेल. तू गेलीच नव्हतीस पेपरला."

"आई घरात पडली होती, नाना. न आलेल्यालाही नापास लिहितात, हे मला कुठून कळणार? नंतर आलेली पत्रं तरी कुणी उघडली होती का?"

नानांनी चुन्याच्या डबीचं झाकण लावलं. श्रीलताला वाटलं, हा माणूस चोर असता तर बरं झालं असतं. चोराला शिव्या घालता येतात. ज्याने इमानाने गळा कापला त्याला काय म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी तिने सगळं करजगीबाईंपुढे ठेवलं. बाईंनी चष्मा काढला, पुन्हा घातला. त्या पांढऱ्या पडल्या होत्या. तासाभराने त्या म्हणाल्या, तुझ्या बहिणीची नोंद मी आज दुरुस्त करून घेते. मग त्यांनी यंत्राला नवी माहिती देऊन पाहिली. श्रीलताचा अंक एकसष्ट झाला.

"तुझी जागा पक्की," बाई म्हणाल्या. "बाकीच्यांचं समितीकडे पाठवते. वर्ष-दोन वर्षं लागतील. दहा विद्यापीठांनी हे यंत्र आपल्याकडून घेतलंय. एकदम बोभाटा नको."

श्रीलता त्या एकसष्टकडे बघत राहिली. तिला हवा होता तो हाच आकडा. तो उचलून घ्यायचा आणि गप्प वर्गात जाऊन बसायचं, बस्स. अक्काचं नाव निघालं, आपली जागा मिळाली, नानांची लाज झाकली. घरातल्या तिघांचंही भागत होतं.

"बाई, तुम्ही मला शिकवलंत की माहीत नाही त्याला माहीत नाही म्हणायचं," ती म्हणाली. "आता माहीत झालंय, तर माहीत नाही असं कसं म्हणू?"

परीक्षा मंडळापुढे तिने हरकत दाखल केली. मंडळाने कळवलं की अनुमान पुरेसं नाही. त्या नोंदी गैरहजेरीच्या होत्या याचा पुरावा द्यावा, किंवा नोंद करणाऱ्याने समक्ष येऊन सांगावं.

नाना नाही म्हणाले. सव्वीस वर्षं बोट ठेवायला जागा नव्हती, आता स्वतःच जाऊन चार लोकांसमोर बोट दाखवू का, म्हणाले. श्रीलता भांडली. तोंडाला येईल ते बोलली. बापाला कधी बोलू नये ते बोलली. नाना ऐकून घेत राहिले आणि मान हलवत राहिले.

तीन दिवस पद्मजा बापाशी बोलत नव्हती. ताट वाढायची, पण बोलायची नाही. चौथ्या दिवशी ताट ठेवताना तिने एकच विचारलं, "स्मरणपत्रांना उत्तरं यायची का?"

यायची, नाना म्हणाले. पोरं फोन करायची. कुणाची आई यायची, कुणी स्वतः येऊन खिडकीशी रडायचं. पण सहीचा कागद आणायला कुणाला जमायचं नाही, आणि तोंडी उत्तर लिहायला रकाना नव्हता.

"मग त्यांनी सांगितलेलं कुठे जायचं?"

नानांनी घास खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की जणू घरात ठेवून विसरलेली वस्तू त्यांना अचानक आठवली.

मंडळाच्या बैठकीला ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून गेले. श्रीलता बरोबर होती. पद्मजा मागच्या खुर्चीवर येऊन बसली, केसांत टॉवेलचा कापूस तसाच होता. अध्यक्षांनी विचारलं, गाजुल, या नोंदी गैरहजेरीच्या होत्या हे तुम्ही कशावरून म्हणता? नाना म्हणाले, बासनं मागवा.

शिपायाने मांडणीवरून लाल बासनं आणली. धूळ उडाली, अध्यक्ष शिंकले. नानांनी पहिलं रजिस्टर उघडलं आणि वळवून त्यांच्यापुढे धरलं. शाईत 'अनु.' होतं. आणि त्याच ओळीच्या शेवटी, समासात, पेन्सिलीने, मुंगीएवढ्या अक्षरात काहीतरी होतं.

"शाईने लिहायची परवानगी नव्हती, साहेब," नाना म्हणाले. "पण माणूस येऊन सांगून गेलं, आणि आपण काहीच लिहिलं नाही, हे मनाला बरं वाटत नव्हतं."

त्यांनी वाचायला सुरुवात केली. सिद्धाराम म्हेत्रे, भाऊ अपघातात. रिझवाना बागवान, बाळंत झाली, मुलगी. मल्लिनाथ कोरे, भिवंडीत नोकरी, म्हणतो पुढच्या वर्षी येईन. नागमणी चिप्पा, सासरचे सोडत नाहीत. एका पानावरून दुसऱ्या पानावर. पहिली पाच मिनिटं मंडळी घड्याळ बघत होती. मग कुणी बघेना. करजगीबाई टेबलाच्या त्या टोकाला बसल्या होत्या. त्यांनी कपाळ हातात धरलं होतं.

सातव्या बासनातल्या एका पानावर नाना थांबले.  मागची खुर्ची सरकली. पद्मजा पुढे आली, बापाच्या खांद्यावरून वाकली आणि तिने स्वतः वाचलं.

"पद्मजा अंबादास गाजुल. आई वारली."

अध्यक्षांनी घसा साफ केला. त्यांनी गाजुलांच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. ही एक तांत्रिक त्रुटी होती, मंडळ तिची योग्य ती नोंद घेईल, म्हणाले.

तेव्हा श्रीलता उभी राहिली. 

"साहेब, मेलेला माणूस आणि गाव सोडून गेलेला माणूस यांतला फरक तुम्ही आम्हाला पहिल्या वर्षी शिकवता. परीक्षेत तो चुकला तर आमचे दहा मार्क जातात. तुम्ही अकराशे चाळीस वेळा चुकलात. तुमचे किती जाणार?"

 उत्तर दिलं ते करजगीबाईंनी, आणि अध्यक्षांकडे न बघता. त्या म्हणाल्या, यंत्र मी बनवलं आहे, आणि मी ते आज बंद करते आहे. ज्या दहा विद्यापीठांनी ते घेतलं त्यांना मी स्वतः पत्र लिहीन. मला गल्लीतून एकही माणूस कमी झालेला दिसला नाही, आणि मी विचारलं नाही, का. नापास मी आहे.

पिंगळ्याचा अंक त्या वर्षी कुणाचीही वाट अडवू शकला नाही. एक्क्याण्णव अंकवाला फैजान आणि बावीस अंकवाली श्रीलता एकाच बाकावर बसले. अकराशे चाळीस जणांना पत्रं गेली: आपण नापास नव्हतात, आपण आला नव्हतात, यायचं असेल तर राहिलेले पेपर देता येतील. बहुतेक पत्रं परत आली. पत्ते बदलले होते. एका पत्राला उत्तर आलं. त्यात एवढंच लिहिलं होतं की आता माझी मुलगी कॉलेजात आहे, एवढी वर्षं मी तिला स्वतःला नापास सांगत आले, आता खरं काय ते तुम्ही येऊन तिला सांगा. करजगीबाईंनी ते काचेच्या चौकटीत घालून आपल्या टेबलावर ठेवलं. काढलं नाही.

शेवटी त्रेसष्ट जण आले. चाळिशी उलटलेले, टक्कल पडलेले, कुणाच्या कडेला मूल. त्यात पद्मजाही होती. दिवसभर टॉवेल शिवायची, संध्याकाळी वर्गात बसायची. तिचं गणित गंजलं होतं. धाकट्या बहिणीला विचारताना तिला राग यायचा, आणि सांगताना धाकटीला. दोघी पुस्तकावरून भांडायच्या आणि नाना पलीकडे बसून ऐकायचे, जसा कुणी रेडिओ ऐकतो.

जूनमध्ये निकाल लागला. श्रीलताला सर्व्हायव्हलमध्ये एकोणऐंशी पडले, वर्गात दुसरी. मग तिने अक्काचा नंबर शोधला. दोन राहिलेल्या पेपरांपैकी एक सुटला होता. सर्व्हायव्हलमध्ये छत्तीस. चार मार्कांनी गेली होती.

घरी यायला तिने मुद्दाम लांबचा रस्ता घेतला. काय सांगायचं याची जुळवाजुळव करत आली, पण अक्काने आधीच पाहिलं होतं. ती मशीनपाशी गुणपत्रिकेचा कागद मांडीवर घेऊन बसली होती. नाना दारात उभे होते. आत यावं की नाही, त्यांना कळत नव्हतं.

"अक्का," श्रीलता म्हणाली, "चारच मार्क गं. पेपर तपासायला पुन्हा..."

"तपासायचं काही नाही. दुसऱ्या प्रश्नात मी वजाबाकी उलटी केली. मला तिथेच, लिहितानाच कळलं होतं, पण वेळ संपला." पद्मजाने कागद उचलून उजेडात धरला. त्यावर प्रत्येक प्रश्नापुढे मार्क होते. कुठे सात, कुठे चार, दुसऱ्यापुढे शून्य. ती त्या शून्याकडे बघत होती आणि हसू लागली. आधी थोडं, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"बघ नीट," ती म्हणाली. "हे माझं आहे. मी गेले, मी बसले, मी लिहिलं, आणि मी पडले. हे मला कुणी एकतीस मार्चला दिलेलं नाही."

नाना आत आले. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. सवयच ती. कागदाच्या समासाकडे त्यांचा हात गेला. पद्मजाने ती पेन्सिल त्यांच्या हातून हळूच काढून घेतली आणि स्वतःच, मोठ्या अक्षरांत लिहिलं:

ऑक्टोबरला बसते.